सहा जण, एक कॅम्पर व्हॅन: नागपूर–तामिया–पचमढी–पेंच चार रात्रींत जमेल का?

खामला_मुक्काम

नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन निघायचं ठरतंय. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली गाडी आहे, चालवणार आमचे हे. माणसं सहा: आम्ही दोघं, दहा आणि सहा वर्षांची मुलं, सत्तरीतले सासू-सासरे. सासऱ्यांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, सासूबाईंना गुडघ्यांमुळे भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येत नाही. हॉटेलऐवजी गाडी निवडण्याचं मुख्य कारण तेच.

गाडीवाल्याने दिलेली माहिती अशी: झोपायला सहा जागा, १०० लिटरची पाण्याची टाकी, कॅसेट टॉयलेट (खालची टाकी बाहेर ओढून रिकामी करायची असं), २०० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठवण) लिथियम बॅटरी, छतावर २०० वॅटचं सोलर आणि एक टनाचा एसी, आत दोन बर्नरची गॅस शेगडी.

बेत असा: पहिली रात्र तामिया, पुढच्या दोन पचमढी, चौथी पेंचच्या तुरिया गेटजवळ, पाचव्या दिवशी घरी. वीज-पाणी पुरेल का, घाटात ही गाडी कशी वागते, आणि घेण्याआधी नेमकं काय तपासायचं? ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर सांगावं.

---

घाटरस्ता

ताई, तुमच्या बेतातले पहिले तीन मुक्काम चांगले आहेत, चौथा काढून टाका. नागपूर–सावनेर–सौंसर–छिंदवाडा साधारण सव्वाशे ते एकशेतीस किलोमीटर, तिथून परासियामार्गे तामिया पन्नास-साठ. एका दिवसाला एवढं पुष्कळ. तामियाहून देलाखारी, मटकुलीमार्गे पचमढी ऐंशीच्या आत येतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी गाडी लागलेली असते. पण पचमढीहून छिंदवाडा, सिवनी करून तुरिया म्हणजे अडीचशेच्या वर. कारने हे अंतर सहज उरकतं. भरलेल्या कॅम्परने घाटात २५–३०, सरळ रस्त्यावर ६०–७० असा वेग धरला, म्हाताऱ्या माणसांसाठी दर दीड तासाला थांबलात, तर सात-आठ तास जातील आणि अंधारात गाडी लावायची वेळ येईल. अंधारात अनोळखी जागी कॅम्पर लावू नये. जमिनीचा उतार दिसत नाही, झाडाची फांदी दिसत नाही, पाण्याचा नळ कुठे आहे तेही कळत नाही.

पेंच नागपूरपासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. त्यासाठी वेगळा शनिवार-रविवार ठेवा. जाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या: मध्य प्रदेशच्या बाजूला बुधवारी दुपारची सफारी बंद असते, आणि कॅम्पर कुठल्याच गेटच्या आत जात नाही, ती रिसॉर्टच्या आवारातच लावावी लागते. महामार्ग ४४ वर मनसरच्या पुढे वन्यप्राण्यांसाठी बांधलेले उन्नत पट्टे आहेत, तिथे चहासाठीसुद्धा गाडी बाजूला घ्यायची नाही. महाराष्ट्रातल्या पेंचला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे कृत्रिम उजेडापासून राखलेल्या अंधाऱ्या आकाशाचा, दर्जा मिळाला आहे. त्या भागात मुक्काम केलात तर गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या छत्रीखालचे दिवे बंद ठेवा आणि मुलांना आकाश बघू द्या.

चौथी रात्र परतीच्या वाटेवर छिंदवाड्यात काढा किंवा पचमढीतच वाढवा. पचमढीत बी फॉलसारख्या बऱ्याच ठिकाणी खासगी गाडी सोडत नाहीत, परवानगी असलेली जिप्सी करावी लागते. ते सोयीचंच आहे, कॅम्पर एकदा लावली की हलवायची नाही. तामियाला असताना पातालकोटचं खोरं वरून बघा, खाली उतरणाऱ्या रस्त्यावर ही गाडी नेऊ नका.

मुक्काम ठरवताना आधी फोन करून तीन प्रश्न विचारा: १६ अँपिअरचा सॉकेट गाडीपर्यंत मिळेल का, टाकी भरायला नळ आहे का, कमानीची उंची किती. शासकीय पर्यटन निवासांच्या आवारात जागा असते, पण आयत्या वेळी गेलात तर चौकीदार तुम्हाला आत घेईलच असं नाही. रस्त्याकडेला जंगलात गाडी लावून झोपायचा विचार मनातही आणू नका. राखीव वनात विनापरवानगी शिरणं आणि आग पेटवणं, दोन्ही भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे.

---

वायरमन_हिंगणा

विजेचं गणित मांडून देतो. २०० एएच गुणिले १२.८ व्होल्ट म्हणजे २५६० वॅट-तास. त्यातले सव्वादोन हजार वापरायचे, तळ गाठायचा नाही. आता खर्च बघा. १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज थंडीत दिवसाला ४०० च्या आसपास घेतो, मे महिन्यात हाच आकडा ६५०–७०० वर जातो. एलईडी दिवे १००, सहा मोबाईल ९०, पाण्याचा पंप ३०. दीड लिटरची किटली एकदा उकळायला १६०, सकाळ-संध्याकाळ धरून ३२०. एकूण साडेनऊशे, वर इन्व्हर्टरची घट दहा-पंधरा टक्के. म्हणजे एसी आणि गिझर सोडून दोन दिवस आरामात निघतात.

एसी बॅटरीवर चालेल असं गाडीवाला म्हणेल. चालतो, पण किती वेळ? एक टनाचा एसी हजार ते बाराशे वॅट ओढतो, दोन तासांत बॅटरी रिकामी. तुम्ही डिसेंबरात जाऊन राहिले म्हणून एसीचा प्रश्न नाही, पण हीच गाडी एप्रिलमध्ये ताडोब्याला न्यायची असेल तर रात्रभर बाहेरची वीज लागेलच. गिझरचंही तसंच. दहा लिटर पाणी १५ वरून ४० अंशांवर आणायला जवळपास ३०० वॅट-तास जातात. सहा जणांच्या आंघोळी बॅटरीवर काढायच्या नाहीत.

चार्जिंग तीन वाटांनी होतं. चालत्या इंजिनवर, मध्ये डीसी-डीसी चार्जर (इंजिनाकडून बॅटरीला जाणारा करंट आवरणारा) असेल तर: ३० अँपिअरचा असला की तीन तासांत ९० एएच. गाडीत तो आहे का ते विचारा, नुसता रिले (साधा जोडणारा स्विच) असेल तर लिथियम बॅटरी अल्टरनेटरला (इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्राला) जाळू शकते, कारण ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि कमी वेगात अल्टरनेटरला थंड हवा मिळत नाही. २०० वॅटचं सोलर डिसेंबरात उघड्यावर सहाशे-सातशे वॅट-तास देतं, पचमढीच्या सालवृक्षांखाली जवळजवळ शून्य. तिसरी वाट बाहेरचा सॉकेट.

बाहेरच्या सॉकेटबाबत काटेकोर राहा. वायर तीन कोअरची, २.५ चौरस मिलिमीटरची, वीस मीटर. पूर्ण उलगडून जमिनीवर टाका. गुंडाळलेल्या वायरवर गिझर लावला की वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. प्लग लावायच्या आधी तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर घालून अर्थिंग बघा. ढाब्यांवर आणि जुन्या लॉजवर तिसऱ्या छिद्राच्या मागे वायरच नसते. अर्थिंग नसेल तर प्लग लावू नका, रात्र बॅटरीवर काढा. पत्र्याच्या गाडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच आणि भिंतीवरचा प्लग आधी काढायचा, बाकी चौकशी नंतर. गाडीच्या पॅनलवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. त्याचं चाचणीचं बटण दाबून तो पडतो का ते ताब्यात घेतानाच पाहा.

आणखी एक. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी सुरू असतं तेव्हा गावाकडे व्होल्टेज बसतं. पॅनलवर १९० च्या खाली आकडा दिसला तर एसी किंवा गिझर लावू नका.

बॅटरी खरंच लिथियम आहे ना, तेही झाकण उघडून पाहा. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएच ट्युब्युलर बसवलेली असेल तर तिच्यातून ९०० वॅट-तासच घ्यायचे, आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. ती पलंगाखाली बंद खणात असेल तर गाडी घेऊ नका.

---

खामला_मुक्काम

खूप धन्यवाद. पेंच काढलं, पचमढीच्या तीन रात्री केल्या. आता टॉयलेटचं सांगा. सासू-सासऱ्यांसाठी तीच खरी सोय आहे आणि त्याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही.

---

डबा_आणि_टाकी

ताई, मोकळेपणानेच बोलायला हवं. कॅसेट टॉयलेटची टाकी साधारण १८ ते २० लिटरची. एका वेळेला पाणी धरून अर्धा ते एक लिटर जातो. सहा जणांनी दिवसभर वापरलं तर संध्याकाळपर्यंत भरते. म्हणून घरातला नियम असा करा: आतलं टॉयलेट रात्री सगळ्यांना, दिवसा फक्त आजी-आजोबांना. बाकीच्यांनी पेट्रोल पंप, ढाबा, मुक्कामाची जागा वापरायची. असं केलं तर टाकी दीड दिवस जाते. तरी रोज सकाळी रिकामी करा, भरायची वाट बघू नका.

रिकामी कुठे करायची? सेप्टिक टँकला जोडलेल्या संडासात, जागेच्या माणसाला विचारून, हळूहळू ओतून, वर दोन बादल्या पाणी. नाल्यात, शेतात, जंगलात कधीही नाही. टाकीत घालायचं औषध एन्झाइमवालं घ्या. फॉर्मल्डिहाइड असलेलं निळं औषध सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं, आणि ज्याने तुम्हाला जागा दिली त्याचीच टाकी तुंबते. आत ओले वाइप्स, पॅड, जाड टिश्यू टाकायचे नाहीत, टॉयलेटच्या तळाच्या सरकत्या पातीत अडकतात. पातीच्या रबराला सिलिकॉन स्प्रे मारा. खाद्यतेल लावलं की रबर फुगतं आणि मग गळती सुरू होते.

घाटात एक वेगळी गोष्ट होते. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास, पचमढी १०६७. वर चढताना बाहेरचा दाब कमी होतो, बंद टाकीत खालचा दाब तसाच राहतो. वर पोचल्यावर कुणी घाईने पाती सरकवली तर आतलं पाणी वर उडतं. आधी टाकीतला दाब सोडणारं हवेचं बटण दाबून धरा, फुसकन आवाज येऊन थांबला की मगच पाती उघडा. सासऱ्यांना हे निघायच्या आधी एकदा करून दाखवा, रात्रीच्या अंधारात बटण हाताला सापडलं पाहिजे. घाट चढण्याआधी टाकी रिकामी असली तर त्रासच कमी.

पाण्याचं: आंघोळ सोडून माणशी आठ-दहा लिटर धरा, सहा जणांचे दिवसाला साठ. १०० लिटर दीड दिवस पुरेल. आंघोळी मुक्कामाच्या बाथरूममध्ये. पिण्याचं पाणी वेगळं, वीस लिटरचे दोन जार, पट्ट्याने बांधून. टाकीतलं पाणी प्यायचं नाही, पण त्याने दात घासले जातात, म्हणून टाकी आधी धुऊन घ्या: १०० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं, सुगंध न घातलेलं सोडियम हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर, प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचा, चार तास ठेवायचं, ओतून दोनदा साध्या पाण्याने खळखळून काढायचं.

---

अजनी_वर्कशॉप

कागद आधी बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेऊ नका, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पिवळी पाटी म्हणजे चालकासह. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) वर्ग मोटर कॅराव्हॅन लिहिलेला आहे का पाहा. नुसती ट्रॅव्हलर नोंदवून आत पलंग ठोकलेले असतील तर तो मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ खालचा बेकायदा बदल आहे. परमिट मध्य प्रदेशात चालतं का तेही विचारा. लायसन्सची चिंता नको, ७५०० किलोपर्यंतच्या वाहनाला एलएमव्ही (हलक्या वाहनाचं लायसन्स) चालतं, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते व्यावसायिक वाहनांसाठीही स्पष्ट केलं आहे.

ताईंच्या माहितीत मला खटकलं ते 'झोपायला सहा जागा'. बसायला किती? आरसीवरची आसनसंख्या आणि प्रत्यक्ष बेल्ट मोजा. कितीतरी कॅम्परमध्ये पलंग सहा आणि बेल्ट चार असतात. गाडी चालू असताना पलंगावर कुणी झोपायचं नाही, मुलांनी तर नाहीच. ब्रेक लागला की पलंगावरचं मूल थेट शेगडीवर जातं. बेल्ट सहा नसतील तर दुसरी गाडी शोधा, या एका बाबतीत तडजोड नाही.

वजन. आरसीवर रिकामं वजन आणि भरलेलं वजन दोन्ही असतात, त्यांच्यातला फरक म्हणजे तुमचा हिशेब. सहा माणसं ३५०–३८० किलो, टाकी १००, जार ४०, सामान माणशी दहा, वर गॅस, खुर्च्या, छत्री. सगळं भरून धर्मकाट्यावर एकदा चढवा, आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. मागच्या अ‍ॅक्सलवर ठरलेल्यापेक्षा जास्त भार आला तर पुढचं स्टिअरिंग हलकं लागतं आणि वळणावर गाडी बाहेर ओढते. जड सामान दोन अ‍ॅक्सलच्या मधे, जमिनीलगत. छतावर काही नाही.

टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी पाच वर्षांच्या वरचा टायर स्वीकारू नका, उभ्या गाडीचा टायर उन्हाने आतून तडकतो. हवा सकाळी गार टायरमध्ये, दारावरच्या पट्टीप्रमाणे. उन्हात दाब वाढला म्हणून हवा काढणं ही नेहमीची चूक. हवा कमी असली की टायरची कड जास्त वाकते, जास्त तापते आणि सिमेंटच्या रस्त्यावर फुटते. स्टेपनीचा दाब आणि जॅक किती टनाचा आहे ते पाहून घ्या, कारचा दोन टनी जॅक या गाडीला पुरत नाही.

सिलेवानी आणि तामिया दोन्ही घाटांत सूत्र एकच: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर सतत पाय ठेवला की लायनर तापतात, जळका वास येतो, पेडल खाली जायला लागतं. वास आला की सपाट जागी थांबा, अर्धा तास थंड होऊ द्या, चाकावर पाणी मारू नका. वळणावर मागचा लांब भाग उलट बाजूला फेकला जातो, दुचाकीवाल्याला तो लागू शकतो. गाडीची उंची एसीसकट टेपने मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. डिझेल छिंदवाड्यात भरा, भरलेल्या गाडीला लिटरला दहाच्या आसपास धरून चला. आणि लहान मुलांना मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढच्या आसनावर बसवा, मागे बसवलं की तामियाच्या वळणांवर उलट्या नक्की.

---

पोहे_तर्री

स्वयंपाकाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आत शेगडी आहे म्हणून आत रांधायचं असं नाही. फोडणीचा धूर गाद्यांच्या फोममध्ये बसतो आणि पाच दिवस जात नाही. आत फक्त चहा, दूध, खिचडीचा तीन लिटरचा कुकर. बाकी बाहेर छत्रीखाली, तेही मुक्कामाच्या माणसाने परवानगी दिली तर. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, भाजलेले पोहे घरून न्या. ताटं धुण्याआधी कागदाने पुसून घ्या, तेलकट पाणी गाडीखालच्या सांडपाण्याच्या टाकीत दोन दिवसांत सडतं.

गॅस: पाच किलोचं सिलिंडर, सुरक्षा होज पाच वर्षांच्या आतली, सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या खणाला जमिनीलगत बाहेर उघडणारं छिद्र हवं आणि गॅसचा अलार्म खाली हवा. चालत्या गाडीत रेग्युलेटर बंद.

पचमढीत डिसेंबरच्या रात्री पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून झोपायचं नाही, सिगडी आत आणायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतून जाग येत नाही. त्याचा अलार्म उशाच्या उंचीवर लावा, गाडीत नसेल तर बॅटरीवाला विकत घ्या. गोधड्या न्या. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा. सहा जणांच्या श्वासाचं पाणी थंड पत्र्यावर जमतं आणि पहाटे पांघरुणावर टपकतं.

माकडांसाठी डॅशबोर्डवर फळं, बिस्किटं काही दिसेल असं ठेवू नका. जाळी ती फाडतात.

वायरमन भाऊंच्या हिशेबात मी थोडी भर घालीन. इंडक्शन हजार-बाराशे वॅटचं असतं, दिवसाला चाळीस मिनिटं वापरलं तर आठशे वॅट-तास. बाहेरचा सॉकेट मिळणार असेल तर गॅस न्यायचाच कशाला? घरात म्हातारी माणसं आणि मुलं असताना मी सिलिंडर टाळायलाच सांगेन.

---

वायरमन_हिंगणा

सॉकेट नक्की असेल तर बरोबर आहे. पण तामियाला वीज गेली तर बॅटरीवर आधीचे साडेनऊशे आणि इंडक्शन मिळून साडेसतराशे वॅट-तास होतात, इन्व्हर्टरची घट धरून दोन हजार. एक दिवस निघेल, दुसरा नाही. आजोबांच्या सकाळच्या चहासाठी थर्मास भरून ठेवा, म्हणजे अडणार नाही.

---

खामला_मुक्काम

गाडीवाल्याला आत्ताच फोन केला. बेल्ट पाचच आहेत म्हणाला, सहावा 'लावून देतो'. डीसी-डीसी चार्जर आहे, आरसीसीबीचं माहीत नाही. आसन लावून घेणं चालेल का?

---

अजनी_वर्कशॉप

नाही, ताई. आसनाचे बोल्ट चॅसिसच्या मजबूत भागाला, चाचणी झालेल्या जागी बसावे लागतात. पत्र्याला किंवा प्लायवूडला भोक पाडून लावलेला बेल्ट धक्क्यात उपटून येतो. शिवाय आरसीवर पाचच राहतील. सहा आसनांची नोंद असलेली गाडी शोधा, नाहीतर आजी-आजोबा आणि मुलं यांना कॅम्परमध्ये घ्या आणि तुमच्यापैकी एकाने मागून कार आणा. पचमढीत कारचा उपयोगही होईल.

गाडी ठरली की निघायच्या आदल्या दिवशी दुपारीच ताब्यात घ्या, उजेडात. छत, काचा, चाकं, किलोमीटरचा आकडा यांचा व्हिडिओ गाडीवाल्यासमोर काढा. त्या रात्री ती घरासमोर लावून सगळे तिच्यातच झोपा. नळ, पंप, टॉयलेटची पाती, फ्रिज, दिवे, सगळं त्या एका रात्रीत कळतं, आणि काही बिघडलं तर गाडीवाला अजून शहरातच असतो.